पोटातला परका हात

मूगगोळी गिळण्याआधी वृषालीनं ती तुळशीच्या पानावर ठेवली आणि देवापुढे धरली.

"आई, तो नैवेद्य नाहीये," स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओवी हसत होती. "यंत्र आहे ते."

"असू दे की. पोटात जायचंय ना? मग आधी त्याला दाखवून जाऊ दे." वृषालीनं डोळे मिटून हात जोडले आणि हळूच एक डोळा उघडला. "ओवी, एक सांग. हे परान्न तर होत नाही ना गं?"

"त्यात अन्नच नाही. काच आहे, जरासा धातू आहे आणि एवढुसा मेंदू."

"मेंदू चालेल," म्हणत वृषालीनं पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळली.

चातुर्मासात वृषाली करंबेळकर परान्न घेत नसे. दुसऱ्याच्या घरचं, दुसऱ्याच्या हातचं काही म्हणजे काही तोंडात घालायचं नाही. कुणाकडे कार्य असलं तर आहेर करायचा, केळं खायचं आणि घरी यायचं. दिवस मावळायच्या आत जेवण, तेही मौनानं, आणि एकवाढी. पानात एकदा वाढून घेतलं की पुन्हा मागायचं नाही. कऱ्हाडातल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. पन्नाशी उलटली तरी तिला साखर नव्हती, रक्तदाब नव्हता, गुडघ्यांची कुरकुर नव्हती. बायका विचारायच्या, "तुम्ही खाता तरी काय हो?" ती सांगायची, "ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मुगाची आमटी आणि घरचं ताक. आणखी काय असणार?"

पुण्याच्या अन्नजीव संस्थेला अशीच माणसं हवी होती. ओवी तिथं संशोधन करायची. ती श्रावणात घरी आली, तेव्हा आईवडिलांसाठी एकेक मूगगोळी घेऊनच आली. कंपनीनं ठेवलेलं लांबलचक इंग्रजी नाव कुणाच्या तोंडी बसलं नव्हतं. मुगाएवढी गोळी, म्हणून मूगगोळी. ती पोटातून जाता जाता आतड्यात कोणते सूक्ष्मजीव राहतात ते वाचायची आणि मोबाइलवर चित्र काढून दाखवायची. ओवीनं दोघांच्या हातांवरूनही कापसाची काडी फिरवून घेतली होती. "हातावरचे जंतू वेगळे मोजायचे असतात," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चित्र आलं. काळ्या पाटीवर रंगीत रांगोळी काढावी तसं ते दिसत होतं. ओवीनं ते एकदा पाहिलं, मोठं करून पुन्हा पाहिलं.

"आई, हा पिवळा रंग म्हणजे तुझ्या हातावरच्या जंतूंची कुळी. बघ, थोडीशीच आहे."

"बरं. मग एवढं सगळं जांभळं काय आहे?"

"तेच कळत नाहीये. तो दुसरा हात आहे. तुझ्या पोटात तुझ्यापेक्षा दुसऱ्याच कुणाच्या तरी हातची वस्ती जास्त आहे."

वृषाली पाटावरून उठली. "कुणाच्या?"

"यंत्र नाव सांगत नाही. रंग सांगतं."

वृषालीचा नवरा शिरीष वर्तमानपत्रामागून म्हणाला, "माझं काय आलंय ते आधी सांग. नाहीतर उगाच माझ्यावर खटला भरायचा."

"बाबा, तुमच्यातही तोच जांभळा आहे."

"घ्या! म्हणजे दोघांनी मिळून खाल्लंय. मी सुटलो."

वृषालीला हसू आलं नाही. इतक्या वर्षांचं व्रत, आणि पोटात परका हात बसलेला! तो शिरला कधी? कुठल्या दारानं?

*

त्या दुपारी ओवीनं आईला समोर बसवून सगळं समजावलं. समजावताना तिला दह्याचं मातीचं सटच पुढ्यात ओढावं लागलं.

"आपलं आतडं म्हणजे एक गाव समज. त्यात करोडो जंतू राहतात. बहुतेक गुणी. भाकरीतला, भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात आणि त्यातून आतड्याच्या आतल्या अस्तराला अन्न मिळतं. गाव नांदतं असलं की साखर ताब्यात राहते, सूज येत नाही, झोपही नीट लागते. आता प्रश्न असा की हे गावकरी येतात कुठून? काही आईकडून, काही माती-पाण्यातून. आणि काही येतात स्वयंपाक करणाऱ्या हातावरून."

"शिजवलं की मरतात ना पण?"

"मरतातच. पण जे शिजवत नाहीत ते? हातानं कालवलेली कोशिंबीर, दहीकाला, ताक, लोणी. आंबवलेल्या प्रत्येक पदार्थात ज्यानं तो आंबवला त्याच्या हाताची खूण उतरते. आणि एकाच घरात वर्षानुवर्षं तोच हात जेवू घालत असला, तर ती खूण गावात घर करते. आम्ही त्याला कुळी म्हणतो."

"म्हणजे आपण हाताला चव असते म्हणतो, ते..."

"त्याचं बूड इथं आहे. सगळं नाही, पण बरंचसं."

शोध लागून फार काळ झाला नव्हता, पण लोकांनी त्याचं काय काय करून ठेवलं होतं! लग्न जुळवताना आता पत्रिकेबरोबर पोटाचं चित्र मागत. मुलगा बाहेर जेवतो की घरी, हे सासूला बसल्या जागी कळे. पुण्या-मुंबईच्या खानावळी चांगल्या हाताच्या बायकांच्या हातांचे करार करू लागल्या होत्या. साताऱ्यात तर कुणा नवऱ्याच्या पोटात भलताच रंग निघाला म्हणून बायको माहेरी निघून गेली होती. मग कळलं, तो रंग कचेरीतल्या डब्यातल्या कोशिंबिरीचा होता.

वृषालीनं सगळं शांतपणे ऐकलं. मग तिचा चेहरा एकदम उजळला. "अगं, सासूबाई! हे विरजण त्यांच्या वेळचं आहे. आम्ही वेगळी चूल मांडली तेव्हा मी मोठ्या घरच्या सटातलं वाटीभर आणलं होतं. तेव्हापासून एकदाही नासू दिलं नाही मी." तिनं सटाच्या कडेवरून हात फिरवला. "म्हणजे सासूबाई आहेत अजून. आपल्या सगळ्यांच्या पोटात."

तिला भरून आलं. गेलेलं माणूस असं आत नांदत असेल, तर ते परान्न कसं म्हणायचं?

ओवीलाही कुतूहल वाटलं. "तपासता येईल. आजीच्या हातचं काही उरलंय का?"

उरलं होतं. फळीवर मागे बरणीत सासूबाईंनी घातलेलं लिंबाचं काळंकुळकुळीत लोणचं होतं. कुणाला अजीर्ण झालं तर त्याची फोड चाटायला द्यायची म्हणून जपलेलं. मिठात जंतू मेले तरी त्यांची खूण मरत नाही, असं म्हणत ओवीनं चिमूटभर खार नळीत घेतला आणि सोबत आणलेल्या तपासडबीत घातला.

डबीनं हिरवा रंग दाखवला. गडद, स्पष्ट हिरवा.

"जांभळा नाही," ओवी म्हणाली. "आई, ही आजी नव्हे."

*

श्रावणातल्या शुक्रवारी वृषालीकडे हळदीकुंकू असे. सोसायटीतल्या सगळ्या बायका यायच्या. जांभळ्या रंगानं तिची झोप नव्हे तरी जप मात्र बिघडवला होता. मणी ओढता ओढता मनात एकेक चेहरा यायचा. हिच्याकडून कधी विरजण घेतलं होतं का? तिच्या हातचा दहीकाला खाल्ला होता का?

आणि मग तिला ती युक्ती सुचली. कुठल्याही शास्त्रज्ञाला ती सुचली नसती.

ओवीच्या पिशवीतून तिनं कापसाच्या काड्या काढून घेतल्या. चंदनाच्या पाण्याची वाटी केली. बायका येऊ लागल्या तसं ती प्रत्येकीला हळद लावी, कुंकू लावी आणि मग नव्या काडीनं हाताच्या मागे अत्तर लावी. अत्तर कसलं, नुसतं चंदनाचं पाणी! काडी हळूच नळीत आणि नळीवर नाव. प्रत्येकीला नवी काडी म्हणून बायका उलट खूश झाल्या. "किती स्वच्छता गं तुझी!"

शेवटी समोरच्या दारातून अनुवहिनी आल्या.

अनुराधा करंबेळकर, वृषालीच्या थोरल्या जाऊबाई. दोघा भावांनी हौसेनं समोरासमोर दोन घरं घेतली होती. दारं उघडी टाकली की एकच मोठं घर व्हावं म्हणून. पण मधल्या चार पावलांवरून फक्त फोडणीचा वास जाई. जेवण जात नसे. सासूबाईंच्या पहिल्या श्राद्धाला वृषालीनं खीर केली होती, आणि भटजींसमोर, पाहुण्यांसमोर अनुवहिनींनी ती बाजूला ठेवून नव्यानं केली. "हिचा हात सोवळ्याचा नाही. पितरांना चालायचं नाही ते," एवढंच म्हणाल्या होत्या. कारण झालं, चूल वेगळी झाली. दोघी एकमेकींकडे कुंकवाला जात, पण तोंडात साखरसुद्धा घालत नसत.

आज त्यांना पाहून वृषाली चपापली. आषाढात त्यांचं पित्ताशयाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, पुढे जंतुसंसर्ग, दवाखान्यात लांबलेला मुक्काम. तेव्हा ती एकदाच भेटून आली होती. आता त्यांच्या खांद्यावरून पदर सारखा घसरत होता. बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या.

"बरं आहे ना वहिनी?"

"आहे की. मऊभात खाते, तोही ठरत नाही. पण आहे." त्यांनी हात पुढे केला. वृषालीनं काडी फिरवली. वहिनींनी हात नाकाजवळ नेला, भुवया जराशा वर केल्या. दुधाचा पेला तसाच ठेवून, चणे पदरात बांधून त्या निघून गेल्या.

*

"आई, हे तू काय केलंस!"

ओवीच्या हातात नळ्यांचं खोकं होतं आणि डोळ्यांत राग. "विचारल्याशिवाय कुणाच्या अंगावरचं काहीही घ्यायचं नसतं. कायदा आहे तसा. आणि कायदा नसता तरी... देवाच्या दिवशी, आई?"

वृषालीचा चेहरा उतरला. देवाच्या दिवशी, हेच तिलाही मघापासून टोचत होतं. "टाकून दे सगळ्या."

"टाकल्या असत्या. पण तू मघाशीच डबीत घातल्यास ना? निकाल आलाय." ओवी खाली बसली. "एक जुळलाय."

"कोण?"

"काकू."

वृषालीनं खोक्यातली वहिनींची नळी उचलून तिच्यावरचं नाव वाचलं.

"होणं शक्य नाही," वृषाली म्हणाली. "मी त्यांच्या घरचं पाणीसुद्धा..."

"विरजण कुणाचं होतं, आई? नीट आठव. मोठ्या घरी रोज संध्याकाळी दुधाला विरजण कोण लावायचं?"

वृषाली आठवू लागली. सासूबाई देवघरात. तुपाचा दिवा. आणि ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या अनुवहिनी. सोसेल इतपत दूध गरम आहे का ते करंगळी बुडवून बघायच्या आणि त्याच बोटानं विरजण ढवळायच्या. चमच्यानं नाही, कधीच नाही. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या हातानं दही लागत नाही बाई, अनूला लावू दे." सगळे मात्र म्हणायचे, सासूबाईंचं दही!

म्हणजे तिनं रोज देवाला पंचामृत दाखवलं ते वहिनींच्या हातचं. रोज तीर्थ म्हणून घेतलं तेही. वर्षानुवर्षं.

"पण खरी गोष्ट पुढेच आहे," ओवीचा आवाज हलका झाला होता. "काकूंच्या हातावर ही कुळी जेमतेम शिल्लक आहे. खूण पटण्यापुरती. इतकी औषधं दिली की गावच्या गाव उठलं असणार. म्हणून त्यांना काही पचत नाही. बाजारात कॅप्सूल मिळतात त्यांनी बरं वाटत नाही, कारण ते परगावचे लोक आणून वसवल्यासारखं असतं. दोन दिवस राहतात, निघून जातात. मूळचे रहिवासी आणले तर टिकण्याची शक्यता जास्त. आमच्याकडे चार-सहा जणांवर हे जमलंय. खात्री नाही देता यायची, पण अपायही नाही."

"त्यांच्या घरचं दही?"

"दवाखान्यात असताना नासलं. काका आता पाकिटातलं आणतात."

दोघींनी एकाच वेळी सटाकडे पाहिलं. त्या कुळीचं जिवंत विरजण आता जगात एवढ्याच एका मातीच्या भांड्यात उरलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी वृषालीनं वाटीभर दही घेतलं, वर केळीचं पान झाकलं आणि ती चार पावलं ओलांडली.

अनुवहिनी जेवायलाच बसत होत्या. ताटात मऊभात, वर मेतकूट आणि तुपाचा थेंब. वाटी पाहून त्यांचे डोळे बारीक झाले. "काय गं हे?"

वृषालीनं काही लपवलं नाही. मूगगोळी, जांभळा रंग, लोणच्याचा खार, काडी. "चुकलंच माझं. तुम्हाला न विचारता घेतलं. आधी त्याची माफी मागायची होती."

"तरीच!" अनुवहिनींनी हात उडवला. "म्हटलं इतकं पाणचट अत्तर ही कधीपासून लावायला लागली! मला वाटलं, माझ्यासाठी मुद्दाम हलकं काढलंस."

"नाही हो वहिनी!"

"मग? त्या डबीनं काय सांगितलं?"

वृषालीनं तेही सांगितलं. अनुवहिनी ऐकत राहिल्या. स्वतःची बोटं उलटसुलट करून त्यांनी पाहिली, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. "म्हणजे माझ्या हातचं माझ्यात उरलं नाही, आणि तुझ्यात आहे."

"हो. म्हणून हे आणलंय. रोज घ्या. हळूहळू."

"घेईन की." वहिनींनी वाटी आपल्यापासून जरा दूर सरकवली. "पण वृषाली, माझंही एक आहे. तू एवढी वर्षं माझ्या दारात येतेस आणि चूळ भरायलाही पाणी घेत नाहीस. नवससायास तुझे असतील, मला त्यात बोलायचं नाही. पण एकीनं द्यायचं आणि दुसरीनं घ्यायचं असं मला नाही जमणार. मी काही भिकारीण नाही. बस. माझ्या ताटातला दोन घास भात खा, मग मी तुझी वाटी तोंडाला लावते. नाहीतर झाकून आणलीस तशी परत ने."

"वहिनी, चातुर्मास आहे..."

"ठाऊक आहे."

वृषाली उभीच राहिली. वहिनींच्या गळ्याशी हाडं वर आली होती. भातावरचं तूप थिजत चाललं होतं.

देवा, आता?

ती कुणालाही सांगत असे, हे व्रत पुण्यासाठी. पण ते कोणत्या दिवशी घेतलं हे तिला आणि देवालाच ठाऊक होतं. श्राद्धाच्या खिरीनंतरच्या पहिल्या आषाढीला, डोळ्यांतलं पाणी न पुसता तिनं संकल्प केला होता. तोंडानं म्हणाली होती परान्न, आणि मनात एकच घर होतं. समोरचं. तो राग होता, आणि तो तिनं इतकी वर्षं देवाच्या ताटात वाढला होता. आणि देव तरी कसा! त्यानं कधी हूं की चूं केलं नाही. रोज तिच्याच हातून वहिनींचं दही खात राहिला.

घेतलेलं व्रत असंच टाकायचं नसतं. त्याचं उद्यापन करायचं असतं. आणि उद्यापनाला सवाष्ण जेवू घालायची असते.

ती हळूच खुर्चीवर बसली. "वहिनी, दुसरं ताट घ्या. आणि पाणी द्या."

अनुवहिनींनी ताट घेतलं, आपल्यातला अर्धा भात त्यात काढला. वृषालीनं ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले आणि घास उचलला. मऊ, कोमट, मेतकुटाच्या वासाचा. मौन होतं म्हणून ती बोलली नाही.

तिनं घास गिळल्यावर वहिनींनी वाटीत बोट बुडवलं, चाटलं आणि बराच वेळ जीभ टाळूला लावून बसल्या.

"आंबट केलंस गं," शेवटी त्या म्हणाल्या. "पण माझंच आहे." मग वाटी जवळ ओढून त्यांनी भातात दही कालवायला घेतलं. डोळ्यांतलं पाणी त्यांनी मनगटानं पुसलं. "उद्या संध्याकाळी दूध तापवून ठेवते. विरजण लावायला तूच ये, माझ्या बोटात आता राम नाही. आणि ऐक, येताना साबणानं खसाखसा हात घासून येऊ नकोस. नुसते पाण्यानं धू. हाताची खूण दह्यात उतरते, असंच म्हणालीस ना?"

वृषाली मौन मोडून हसली. ज्या हाताला या बाईनं भटजींसमोर ओवळा ठरवलं होतं, त्याच हाताला आज ती साबण लावू नको म्हणत होती.

*

पुढे श्रावण सरला, पितृपक्षही गेला. त्या श्राद्धाला खीर दोघींनी मिळून केली. कुणी ढवळली आणि कुणी साखर घातली हे भटजींनीही विचारलं नाही. अनुवहिनी आधी ताक-भातावर आल्या, मग फुलक्यावर आणि दिवाळीच्या सुमारास ज्वारीच्या अर्ध्या भाकरीवर. बांगड्या कोपरापर्यंत जाईनाशा झाल्या.

दिवाळीला ओवी आली तेव्हा काकूंनी स्वतःहून हात पुढे केला. "आण तुझी मूगगोळी. यावेळी विचारून घेत्येस, म्हणून देते."

दुसऱ्या दिवशी चित्र आलं. तिघी त्यावर वाकल्या. काळ्या पाटीवर जांभळा रंग परतला होता. पूर्वीइतका नाही, पण पेरणीनंतर रान दिसावं तसा, ठिकठिकाणी. ओवीनं सुटकेचा श्वास सोडला. वृषालीनं मनातल्या मनात हात जोडले.

अनुवहिनी मात्र चष्मा सावरून चित्राच्या एका कोपऱ्याकडे बघत होत्या. जांभळ्याच्या अगदी शेजारी, त्याला चिकटून, एक इवलासा ठिपका होता.

"आणि हा पिवळा कोण गं?" त्यांनी वृषालीकडे न पाहता विचारलं. "मी तर परक्या हातचं काहीच खात नाही."